घरी क्लिक स्वच्छ, रेंजवर शॉट सातच्या काट्यावर: एअर पिस्तुलाच्या ड्राय सरावातला बिघाड कसा शोधायचा

तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा, गाव कुठलंही असो; रेंज रोज हाताशी नसते म्हणून नेमबाज घरीच ड्राय सराव करतो, म्हणजे गोळी न घालता नुसता ट्रिगर दाबतो. भिंतीवर छोटं टार्गेट चिकटवायचं आणि रोज अर्धा तास क्लिक करायचं. घरी सगळं छान वाटतं. रविवारी रेंजवर १० मीटरच्या रेषेवर उभं राहिलं की निम्मे शॉट मध्ये पडतात आणि बाकीचे खाली डावीकडे, घड्याळात सातचा आकडा असतो तिथे. गुण मिळतात आठ, सात, एखादा सहा. मग रिअर साइटचा (निशाण्याच्या मागच्या खाचेचा) स्क्रू फिरवला जातो, पुढच्या रविवारी चांगले सुटलेले शॉट वर उजवीकडे जातात, आणि पुन्हा स्क्रू. डावखुऱ्यांनी पुढे सगळीकडे डावं-उजवं उलट धरावं. त्यांचे शॉट पाचच्या काट्यावर जातात.

हा दोष रेंजवर गेल्यावर तयार होत नाही, घरीही तो असतोच. घरी कागदाला भोक पडत नाही आणि क्लिकच्या क्षणी नजर फ्रंट साइटवर (नळीच्या टोकावरच्या निशाणीवर) नसते, त्यामुळे तो कळत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या तपासण्या एकाच प्रश्नाभोवती आहेत: क्लिक झालं त्या क्षणी फ्रंट साइट नेमकी कुठे होती? याचं उत्तर प्रत्येक क्लिकला देता येत नसेल, तर शंभर क्लिक करूनही हाती काही लागत नाही.

आधी हत्यार आणि खोली

कॉम्प्रेस्ड एअरवर चालणाऱ्या मॅच पिस्तुलात (स्टायर, मोरिनी, वॉल्थर, परदिनी, फाइनवेर्कबाऊ) ड्राय सरावाची सोय कारखान्यातूनच येते. त्यात फक्त ट्रिगर सुटतो, हवा सुटत नाही. ती सोय कशी चालू करायची हे प्रत्येक मॉडेलला वेगळं आहे; पुस्तिकेत बघूनच करा. क्लिकऐवजी ‘फट्‌’ असा हवेचा आवाज आला, तर तुम्ही ड्राय करत नसून रिकामं पिस्तूल उडवत आहात.

नळी मोडून लोड करायच्या स्प्रिंगच्या स्वस्त एअर पिस्तुलावर ड्राय सराव करूच नका. पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) असतं तेव्हा त्याच्या मागे दाबलेली हवा पिस्टनला शेवटी गादीसारखी थोपवते. पेलेट नसेल तर पिस्टन थेट सिलिंडरच्या तोंडावर आदळतो. सील फाटतं, स्प्रिंग तुटते. ‘एक-दोनदा काय होतंय’ म्हणून बिघडवलेली हत्यारं कमी नाहीत.

आता खोली. पेलेटचा डबा त्या खोलीत नकोच, शेजारच्या खोलीत कपाटात हवा. ब्रीच (पेलेट घालायची जागा) उघडून आधी डोळ्यांनी बघा, मग उजेडाकडे धरून पुन्हा बघा. पुस्तिका परवानगी देत असेल तर एअर सिलिंडर काढून ठेवा. पिस्तूल रोखायची भिंत नऊ इंची विटेची हवी. प्लायवूडचं पार्टिशन, दार, खिडकी किंवा टीव्हीच्या दिशेने नको. जुन्या धाब्याच्या घरातली जाड मातीची भिंत यासाठी उत्तम. खिडकीचा पडदा ओढा. गल्लीतून जाणाऱ्याला आत पिस्तूल ताणून उभा असलेला माणूस दिसला तर तो ड्राय सराव आहे हे त्याला कसं कळणार? गच्ची आणि ओसरी याच कारणासाठी बाद. दाराला आतून कडी लावा, कारण आपल्याकडे दार वाजवून आत येण्याची पद्धत नाही.

सराव संपला की ‘ड्राय संपला’ असं मोठ्याने म्हणा, टार्गेट भिंतीवरून उतरवा, पिस्तूल पेटीत ठेवा. घरातले अपघात बहुतेक यानंतरच्या ‘अजून एकच’ मध्ये होतात. टार्गेट उतरवलेलं असेल तर तो एकच करायला जागा उरत नाही.

भिंतीवरचं टार्गेट चुकीच्या उंचीवर असतं

इथे जरा थांबायला हवं, कारण हा दोष फार लोकांत आहे आणि तो कुणी मोजत नाही.

१० मीटर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून घरी ३ मीटरवरच्या भिंतीवरही टार्गेट १४० वरच लावलं जातं. डोळ्याची उंची १५५ सेंटिमीटर असेल, तर रेंजवर नजर १० मीटरमध्ये १५ सेंटिमीटर खाली उतरते. घरी तेवढीच ती ३ मीटरमध्ये उतरवावी लागते. म्हणजे हात जवळजवळ दोन अंश जास्त खाली राहतो. खांद्याला रोज तीच उंची ‘बरोबर’ म्हणून शिकवली जाते, आणि रेंजवर हात आपोआप थोडा खाली थांबतो. मग तो मनगटाने वर उचलला जातो. मनगट ताणलेलं असताना ट्रिगर दाबला की ते सैल पडतं आणि नळीचं तोंड खाली जातं. सातच्या काट्यातला ‘खाली’ हा भाग कित्येकदा इथूनच येतो.

हिशेब सोपा आहे. नेहमीच्या स्टान्समध्ये (नेम धरताना उभं राहायच्या पद्धतीत) उभं राहून डोळ्याची उंची मोजून घ्या. त्यातून १४० वजा करा. भिंत ३ मीटरवर असेल तर या फरकाचे तीन दशांश, ४ मीटरवर असेल तर चार दशांश, डोळ्याच्या उंचीतून वजा करा. १५५ च्या उदाहरणात फरक १५, त्याचे तीन दशांश साडेचार, म्हणून टार्गेटचा मध्य १५०.५ सेंटिमीटरवर. १४० वर लावलेलं टार्गेट साडेदहा सेंटिमीटर खाली होतं.

गोलाचा आकारही याच प्रमाणात. खऱ्या टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा. ३ मीटरवर तो १८ मिलिमीटरला थोडा कमी, ४ मीटरवर सुमारे २४, ५ मीटरवर सुमारे ३०. पांढऱ्या कार्डशीटवर कंपासने काढून मार्करने भरा. आतल्या रिंगा काढू नका. १० मीटरवरून त्या नाहीतरी दिसत नाहीत, आणि घरी काढल्या की नजर त्यांच्यावर खिळते.

अंतर डोळ्यापासून भिंतीपर्यंत मोजायचं, पायापासून नाही. आणि पायात रेंजवरचेच सपाट बूट हवेत. घरात चपला-बूट चालत नसतील तर ती जोडी फक्त घर आणि रेंजसाठी वेगळी ठेवा. अनवाणी उभं राहिल्यावर टाच खाली जाते, तोल मागे सरकतो आणि डोळ्याची मोजलेली उंचीही बदलते.

पहिली तपासणी: कोरी भिंत

टार्गेट उतरवा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर दहा क्लिक करा. लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचं: फ्रंट साइटची वरची कड आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी. क्लिकनंतर दोन सेकंद हात तसाच. प्रत्येक क्लिकनंतर साइट कुठे गेली ते वहीत घड्याळाच्या आकड्यात लिहा: मध्ये, सात, नऊ, सहा. आकडा सांगता आला नाही तर फुली मारा.

आता टार्गेट लावून तेच दहा क्लिक करा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा.

कोऱ्या भिंतीवर साइट शांत आणि टार्गेटवर हलते, असं असेल तर बोट ठीक आहे, गडबड नजरेत आणि घाईत आहे. काळा गोल दिसला की ‘आत्ता!’ असं होतं आणि ट्रिगर ओढला जातो.

दोन्हीकडे हलते, असं असेल तर दोष बोटात किंवा ग्रिपमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीत आणि तिच्यावरच्या पकडीत.

दोन्हीकडे शांत, तरीही रेंजवर सात. मग घरची आणि रेंजवरची परिस्थिती ताडून बघावी लागेल, त्याबद्दल पुढे.

फुल्याच जास्त असतील तर बाकीचं सगळं बाजूला. आठवडाभर फक्त कोरी भिंत.

नजर: काळ्या गोलाची ओढ

दोन साइट्समधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरा. रिअर साइटच्या खाचेत फ्रंट साइट १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर शॉट सुमारे ३० मिलिमीटर दूर जातो, म्हणजे थेट सात गुणांवर. उलट, साइट्स एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत आणि अख्खा हातच ५ मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर शॉट तेवढाच ५ मिलिमीटर सरकतो आणि दहा गुणांच्या रिंगेतच राहतो. हातातला थरथराट बघून घाबरणाऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. थरथर गुण खात नाही. साइट्सचा कोन बिघडला की गुण जातात.

घरी ३ मीटरवर गोल जवळ असतो, त्यामुळे तो आणि फ्रंट साइट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. डोळ्याला निवड करावीच लागत नाही. रेंजवर निवड करावी लागते, आणि सवय नसल्यामुळे डोळा गोल निवडतो. उपाय म्हणून घरचा गोल काळ्याऐवजी फिकट करडा करा, कडा पेन्सिलने घासून पुसट करा. निशाणा गोलाच्या थेट तळाशी न टेकवता खाली पांढऱ्यात ठेवा, मध्ये थोडी पट्टी सोडून. पट्टी किती रुंद, याची चिंता नको. ती दर शॉटला थोडी बदलणारच.

दुसरा डोळा मिटून धरू नका. त्या बाजूचे स्नायू ताणले की निशाण्याचा डोळाही थकतो. चष्म्याला किंवा पट्टीला लावायचा पांढुरका ब्लाइंडर रेंजवर वापरत असाल तर घरीही तोच लावा.

बोट आणि ग्रिप

एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाने किमान ५०० ग्रॅमचा असतो, दोन टप्प्यांत: आधी हलकी ओढ, मग बोटाला जाणवणारा अडथळा. पहिला टप्पा हात गोलाच्या वरून खाली उतरत असतानाच घ्यायचा. निशाण्याच्या जागी येईपर्यंत बोट दुसऱ्या टप्प्याच्या ‘भिंतीला’ टेकलेलं हवं. सातच्या काट्याच्या तक्रारीत बहुतेक जण पहिला टप्पा निशाण्यावर थांबल्यावर घेतात. मग दोन्ही टप्पे एका झटक्यात ओढले जातात.

बोटाच्या पहिल्या पेराची मधली गादी ट्रिगरवर हवी. फक्त टोक लावलं तर ट्रिगर सरळ मागे न येता डावीकडे ढकलला जातो. दुसरा, सहसा न दिसणारा दोष: तर्जनीचं मूळ ग्रिपच्या लाकडाला चिकटलेलं असतं. बोट वाकलं की तेच मूळ लाकूड दाबतं. बोट आणि लाकूड यांच्यामधून पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद सरकायला हवा. सरकत नसेल तर ग्रिप तिथे थोडी घासावी लागेल, पण पॉलिश पेपर हातात घेण्याआधी कोचला दाखवा. लाकूड काढणं सोपं आहे, परत लावायला पुटी लागते.

बाकीची बोटं: मधलं आणि अनामिका पिस्तूल धरतात, करंगळी नुसती टेकते, अंगठा विसावतो. ट्रिगरबरोबर तीही आवळली गेली, गाईचं दूध काढताना बोटं एकामागून एक मिटतात तशी, की नळीचं तोंड खाली-डावीकडे जातं. हे पकडायला मोबाइल उपयोगी आहे. तो पिस्तुलाच्या बाजूला, हातभर अंतरावर स्टँडवर ठेवा. नळीसमोर कधीही नाही, पिस्तूल रिकामं असलं तरी. स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवलं तर दोन फ्रेममध्ये जेमतेम ४ मिलिसेकंद जातात. ट्रिगर सुटण्याआधीच्या दहा-वीस फ्रेम मागेपुढे करून बघा: करंगळीचं नख पांढरं होतंय का, अंगठ्याचं टोक दबतंय का, मनगटावरची शीर वर येतेय का. काय हललं यापेक्षा कधी हललं हे महत्त्वाचं. सुटल्यानंतर हललं असेल तर फॉलो थ्रू (सुटल्यावरही हात तसाच धरून ठेवणं) कमी पडतोय. आधी हललं असेल तर मुठीचा दाब बदलतोय, आणि तोच सातच्या काट्याचा मालक.

दाब स्थिर करायची जागा टेबलावर आहे. पिस्तूल टेबलावर टेकलेलं असतानाच पूर्ण पकड घ्या, मनात तीन म्हणेपर्यंत थांबा, मगच उचला. उचलल्यानंतर पकड सुधारायची नाही. सुधारावीशी वाटली तर खाली ठेवून पुन्हा सुरुवात.

नळीवर नाणं ठेवून क्लिक करायची पद्धत अजून पुष्कळ जण सांगतात. मोठा झटका असेल तरच नाणं पडतं. अर्ध्या मिलिमीटरची गडबड त्याला कळत नाही. शिवाय लक्ष नाण्याकडे जातं. लेझर लावून भिंतीवर ठिपका बघायच्या खेळण्यांचंही तेच. डोळा ठिपक्यामागे पळतो, म्हणजे नेमकी मोडायची सवय पक्की होते. क्लबात स्कॅटसारखं ट्रेनर (निशाण्याची हालचाल पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल आणि पडदा कोच बघत असेल, तर गोष्ट वेगळी.

पाय: डोळे मिटून

स्टान्स घ्या, निशाण्यावर स्थिर व्हा, डोळे मिटा, पाच सेकंदांनी उघडा. साइट डावीकडे सरकलेली असेल तर शरीराला तिथेच राहायचं आहे आणि तुम्ही हाताने तिला उजवीकडे ओढून धरता आहात. क्लिकच्या क्षणी ती ओढ सुटते. हात नका हलवू. मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा डोळे मिटा. दोन-तीन वेळांत जुळतं. जुळल्यावर फरशीवर दोन्ही पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवा.

घर आणि रेंज यांत काय वेगळं

खानदेशात याचं पहिलं उत्तर ऊन. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो. घरी सकाळी साडेपाचला कोरड्या, गार हाताने ड्राय केलेला असतो आणि रेंजवर अकरा वाजता घामट हाताने मूठ घट्ट आवळली जाते. दर चार-पाच शॉटनंतर हात आणि ग्रिप सुती फडक्याने पुसा, आणि आठवड्यातून एक-दोन ड्राय सत्रं मुद्दाम रेंजच्याच वेळेला करा. उलट बाजूने, कूलरच्या थेट झोतात उभं राहून केलेला सरावही फसवा. झोताविरुद्ध हात नकळत ताण धरतो. कूलर चालू ठेवा, तोंड भिंतीकडे वळवा.

भरलेला एअर सिलिंडर दुपारी बंद गाडीत ठेवू नका. २०० बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरमधला दाब उष्णतेने आणखी वाढतो.

उजेड: रेंजवर टार्गेटवर प्रखर दिवे असतात, घरी ट्यूब डोक्यामागे असते. अंधारात फ्रंट साइटच्या बाजूच्या फटी अरुंद दिसतात. एक एलईडी बल्ब टार्गेटकडे रोखा. लाइट गेली तर इन्व्हर्टरच्या मिणमिण उजेडात सराव पुढे रेटू नका.

आणि शेवटचं म्हणजे वेळ. घरी पाचव्या-सहाव्या सेकंदाला क्लिक होतं, रेंजवर ‘चांगलाच मारायचा’ म्हणून बारा-तेरा सेकंद धरून ठेवलं जातं. आठ सेकंदांच्या पुढे डोळा आणि खांदा दोन्ही ढासळतात. उपाय म्हणजे घरीच हात खाली घेण्याचा सराव. दर पाच क्लिकमधला एक शॉट मुद्दाम न सोडता खाली आणायचा. मॅचमध्ये ६० शॉटला ७५ मिनिटं असतात; खाली घ्यायला वेळ भरपूर आहे.

रोज किती, आणि रेंजवर ताडून कसं बघायचं

वीस मिनिटं, तीस ते चाळीस क्लिक. पिस्तूल किलोच्या आसपास असतं. दोनशे क्लिकमध्ये शेवटचे दीडशे थकलेल्या खांद्याचे, आणि शिकलं जातं ते थकलेलं. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना पंधरा-वीस क्लिक पुरे, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. आधी दहा कोऱ्या भिंतीवर, मग वीस टार्गेटवर, शेवटचे पुन्हा कोऱ्या भिंतीवर. प्रत्येक क्लिकचा आकडा वहीत.

रेंजवर पहिले वीस शॉट असेच मारा: मॉनिटरकडे किंवा दुर्बिणीकडे बघण्याआधी आकडा सांगायचा, मग बघायचं. सांगितलं सात आणि पडला सात, तर नजर काम करते आहे. बोट आणि ग्रिप दुरुस्त करा. सांगितलं मध्ये आणि पडला सात, तर क्लिकच्या क्षणी नजर गोलावर होती. कोऱ्या भिंतीकडे परत. सगळे शॉट एकाच छोट्या झुबक्यात आणि तो झुबका मध्यापासून दूर, तरच रिअर साइटचा स्क्रू. मध्यातून सातकडे लांबणारी शेपटी स्क्रूने जात नाही. कोच बरोबर असेल तर त्याच्याकडून पिस्तूल कधी लोड करून, कधी ड्रायवर ठेवून, न सांगता हातात घ्या. ड्राय निघालेल्या शॉटला नळी खाली गेली तर ती सगळ्यांना दिसते.

बिघाड खरंच पिस्तुलात असेल तर

कधीकधी असतोच. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल सरळ वर उचला. वजन उचललं जायला हवं, ट्रिगर सुटायला नको. सुटत असेल तर ते पिस्तूल स्पर्धेला चालणार नाही. दुसऱ्या टप्प्याची भिंत एका क्लिकला जाणवते आणि दुसऱ्याला नाही, ट्रिगर परत पुढे येताना अडखळतो, ग्रिपचा स्क्रू रोज सैल होतो: यांतलं काहीही दिसलं तर सराव थांबवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये आधी बॅटरी बदलून बघा. यांत्रिक ट्रिगरचे छोटे स्क्रू अंदाजाने फिरवू नका, आत तेलही सोडू नका. आपल्याकडच्या धुळीबरोबर त्याचा चिकटा होतो. ग्रिपचा स्क्रू घट्ट केल्यावर लाकडावर आणि फ्रेमवर मिळून पेन्सिलची एकच रेघ मारून ठेवा, सरकलं की लगेच दिसतं.

.२२ च्या स्पोर्ट पिस्तुलावर हाच क्रम चालतो, पण ते परवान्याचं हत्यार आहे. ते परवानाधारकाच्याच हातात राहायला हवं आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. रिमफायरमध्ये (काडतुसाच्या काठावर ठोका बसणाऱ्या हत्यारात) रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आदळून खाच पडू शकते, म्हणून पिस्तुलाला ड्रायची वेगळी सोय नसेल तर स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घाला, आणि ती रंगाने खऱ्या काडतुसापेक्षा लांबूनही वेगळी दिसेल अशी घ्या.